‘मी परत येईन’मधली फट

पहिल्या भेटीत नायकाने मास्तरांना नमस्कार केला, तो मास्तरांनी घरी नेऊन, कलिंगड घेताना बोटाने वाजवून बघतात तसा सगळीकडून वाजवून पाहिला. मास्तर संगीत नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत. नायक तेव्हा कंपनीत नवाच लागला होता. हात जोडून तो म्हणाला होता, “वा, म्हणजे ऑर्गन तुम्ही वाजवता.”

जोर ‘तुम्ही’वर होता. तेवढ्याने मास्तरांचं जेवण गेलं. ‘तुम्ही’वर जोर का? याच्या डोक्यात दुसऱ्या कुणाचं नाव होतं? बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला त्यांनी ते वाक्य सगळ्या तऱ्हांनी म्हणायला लावलं. तिचं मत पडलं, की माणूस आनंदाने बोलला असेल. मास्तरांनी हा मुद्दा एका वाक्यात निकालात काढला. आनंद असता तर जोर ‘वा’वर आला असता.

कंपनीत सगळे त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. नाव कुणी ठेवलं याबद्दल त्यांचा सगळ्यांवर सारखाच संशय होता. खरं तर त्यांचा तरी काय दोष? संगीत नाटकात बोलता बोलता गाणं सुरू होतं, आणि बोलणं नेमकं कुठे संपलं हे ऑर्गनवाल्यालाच सगळ्यांच्या आधी कळावं लागतं. सगळा जन्म वाक्यांची शेपटं धरण्यात गेलेला माणूस घरी गेल्यावर ती सवय खुंटीला टांगून ठेवत नाही. “भाजी संपली” असं बायको म्हणाली, की आणायची राहिली म्हणून हा टोमणा आहे की नुसती बातमी, याचा विचार करत ते पानावर बसून राहत.

पण नायकाच्या एका वाक्यावर मात्र त्यांचा डोळे मिटून विश्वास होता. दुसऱ्या अंकात नायक दूरच्या प्रवासाला निघतो आणि बायकोला सांगतो, “मी परत येईन.” लगेच ती वाट बघण्याचं गाणं धरते. हे वाक्य नायक वर्षानुवर्षं एका दमात म्हणत आला होता. ‘येईन’चा ‘न’ खाली टेकला, की मास्तर सूर देत. पहिल्या रांगेतल्या बायका पदर, रुमाल, जे हाताशी लागेल ते डोळ्यांना लावत.

या हंगामात एके दिवशी नायक म्हणाला, “मी...” आणि थांबला. मग म्हणाला, “परत येईन.”

तेवढ्या फटीत सगळं नाटक फिरलं. आजवर भोळाभाबडा असलेला नवरा एका श्वासाच्या अंतराने लबाड झाला. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला मोठ्याने म्हणाली, “हा कसला येतोय.” तिसऱ्या अंकभर बिचारी नायिका त्याची वाट बघत गात होती, आणि प्रेक्षक तिच्याकडे फसलेल्या पोरीकडे बघावं तसे बघत होते. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं, की नायकाने या भूमिकेचा काळोखा कोपरा उजळून दाखवला. मालक खूश झाले.

मास्तरांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. थांबणं रोज वेगळं पडे. कधी पापणी लवेल एवढं, कधी मधे माणूस खोकून घेईल एवढं. आणि व्हायचं तेच झालं. एका प्रयोगाला फट इतकी लांबली, की ‘मी’ म्हणून नायक पुढचं विसरला असं समजून मास्तरांनी सूर दिला. नायिका गायला तोंड उघडते न उघडते तोच नायक म्हणाला, “परत येईन.” थिएटर हसलं. मालकांनी मास्तरांना बोलावून शांतपणे सांगितलं, की पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघावा लागेल.

दुसरा माणूस. म्हणजे ‘तुम्ही’वर जोर उगाच नव्हता. मास्तरांना सगळं लख्ख दिसलं. नायक मुद्दाम थांबतो, आपण चुकावं म्हणून थांबतो, आणि आपल्या जागी आपला कुणीतरी आणून बसवणार आहे. पुरावेही मिळत गेले. नायक मालकांच्या खोलीत दार लावून बोलत बसे आणि मास्तर दिसले की गप्प होई. मध्यंतरात सगळ्यांबरोबर बसून खाणं त्याने सोडलं होतं. हसताना तोंडावर हात धरू लागला होता. तोंडावर हात धरून माणूस कुणाला हसतो?

“अहो, तुमच्याशिवाय दुसरा विषयच नाही का त्यांना?” बायको म्हणाली.

“तू कुणाच्या बाजूची आहेस?” मास्तरांनी विचारलं.

“मी भांड्यांच्या बाजूची आहे,” ती म्हणाली, “ती घासायची पडलीत.”

शेवटी एका प्रयोगाआधी मास्तर दातओठ खात रंगपटात गेले आणि दार न वाजवता आत शिरले. नायक आरशासमोर पाठमोरा होता. त्याच्यापुढे पाण्याचा पेला होता आणि पेल्यात वरची कवळी होती.

नायकाने दचकून रंगाचं फडकं तोंडावर धरलं.  मास्तर पुढे झाले, वाकले आणि त्यांनी पेल्यात डोळे घालून ती कवळी खरोखरच खोटी आहे ना, याची खात्री करून घेतली.

“‘प’ला निसटते हो, मास्तर,” नायक फडक्याआडून म्हणाला. “ओठ मिटून उघडले की खाली येते. म्हणून ‘मी’ झाल्यावर जिभेनं दाबून घेतो, बसली की पुढचं म्हणतो. वाक्य बदला म्हणून मालकांच्या हातापाया पडलो. ते म्हणाले, लोकांना आवडतंय, राहू दे.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्हाला?” नायक म्हणाला. “तुम्ही विश्वास ठेवला असता?”

हा टोमणा होता, कबुली होती की नुसता प्रश्न, हे मास्तरांना ठरवता येईना. पण पेला समोर होता. ते स्टूल ओढून बसले. दोघांनी मिळून तोड काढली. ‘मी’ झालं की मास्तरांनी खर्जातला एकच सूर हलकेच धरायचा, कवळी बसेपर्यंत धरून ठेवायचा, आणि नायकाच्या गळ्याची घाटी हलली की सोडायचा. रंगमंचासमोर खाली बसलेल्या मास्तरांना त्याचा गळा सगळ्यात स्वच्छ दिसे.

त्या सुराने कहर केला. लबाड नवरा आता पुरता बदमाश वाटू लागला. ‘मी’ म्हटल्यावर थिएटरात कुणी हलत नसे. मास्तरांचे डोळे गळ्यावर, पाय भात्यावर, आणि कवळी किती का वेळ घेईना, सूर तेवढाच पुरे. ते एकदाही चुकले नाहीत. नायक विंगेत जाताना त्यांच्याकडे बघून मान हलवी. मास्तर त्या मानेचाही घरी जाऊन विचार करत, पण जेवून.

मालकांना तो सूर इतका आवडला, की त्यांनी तो ध्वनिमुद्रित करून घेतला. मग बाकीची गाणीही करून घेतली. तिकीटविक्री सांभाळणाऱ्या मालकांच्या मेहुण्याने ते सुचवलं होतं. आपल्या जागेवरून त्याच्यावर मास्तरांनी कधी संशय घेतला नव्हता. हंगाम संपल्यावर मालकांनी मास्तरांना निरोप दिला. ऑर्गन मागच्या खोलीत नेला. त्याच्यावर आता धुवायचे पोशाख ठेवतात.