चौघांपुरतं जाळं

माझी अक्का जन्मतः बहिरी नव्हती. दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि त्या तापात तिचं ऐकणं गेलं, मागोमाग बोलणंही. मी त्यानंतर चार वर्षांनी झालो, त्यामुळे तिचा आवाज मला माहीत नाही. ती 'माय' म्हणायची, 'पानी' म्हणायची, हे मायनेच सांगितलेलं. पुढे धरणगावच्या घरात त्या दोघींनी हातांची एक भाषा बनवली. वडिलांसाठी मिशीवरून फिरवलेलं बोट, माझ्यासाठी तोंडात अंगठा, बाजारासाठी खांद्यावरची पिशवी. अक्का नंतर मूकबधिर शाळेत गेली, तिथली रीतसर खुणांची भाषा शिकली. मायशी मात्र घरच्याच खुणांनी बोलायची. ती भाषा पुरती येणारी माणसं जगात दोनच होती. मला ती अर्धीमुर्धी यायची.

लग्न होऊन अक्का धुळ्याला गेली; वडील वारल्यावर माय धरणगावात एकटीच उरली. भावजींनाही ऐकू येत नाही. दोघं मिळून शिलाईचं दुकान चालवतात. फोनवरून व्हिडिओ पाठवता यायला लागले तेव्हा माय आणि अक्काचं रोजचं बोलणं पुन्हा सुरू झालं. नातेवाइकांच्या ग्रुपवरच पाठवायच्या, कारण मायला तेवढंच उघडता यायचं. एकदा अक्का मायशी कडाकडा भांडली. हात वेगाने फिरत होते, चेहरा लाल झालेला. आमच्याच नात्यातल्या कुणीतरी तो व्हिडिओ उचलला, त्याला नाचाचं गाणं लावलं आणि सोडून दिला. आठवड्याभरात तो धुळ्यात फिरला. दुकानात ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एका बाईने अक्कासमोर तिचेच हातवारे करून दाखवले आणि हसली. अक्काने तिचं कापड परत केलं, शटर ओढलं. त्यानंतर तिने व्हिडिओ करणं बंद केलं.

महिन्याभराने माय जळगावला माझ्याकडे आली. मी इथे कार्यालयांमधले संगणक आणि त्यांचं नेटवर्क सांभाळण्याचं काम करतो. मी चहा समोर ठेवला, तो तिने बाजूला सारला. मग म्हणाली, "भाऊ, तुले मशीननं बठ्ठं समजस ना? मंग दुसरा कोनी देखाले नको, असं काहीतरी करी दे आम्हले."

मी लगेच हो म्हणालो. कुणाच्या तरी उपयोगी पडायची संधी होती, आणि ती मला येत असलेल्या कामात होती.

व्हिडिओ आपल्याच संगणकावर ठेवता येतील अशी सॉफ्टवेअरं मी रविवारी रविवारी लावून पाहिली. एक अगदी मोठ्या साइटसारखं होतं, चॅनेल, प्रतिक्रिया, सगळं. पण बाहेरच्या सर्व्हरांशी जोडलं जाणं हा त्याचा मूळ स्वभाव. ते बंद करता येत होतं, तरी माझ्या हातून एक सेटिंग चुकलं असतं तर अक्का पुन्हा चव्हाट्यावर आली असती. दुसरं इतकं साधं की नुसती फायलींची यादी. मायला त्यातलं काही उमगलं नसतं. तिसरं घरगुती अल्बमसारखं होतं. फोनवर ॲप, मोठी चित्रं, नवा व्हिडिओ सर्वांत वर. तेच निवडलं आणि घरातल्या जुन्या संगणकावर बसवलं.

आता धरणगाव आणि धुळ्याचे फोन जळगावच्या त्या संगणकापर्यंत पोहोचायला हवे होते. इंटरनेटवाल्याने मला स्वतंत्र पत्ता दिलेला नव्हता, त्यामुळे बाहेरून सरळ आत येता येत नव्हतं. फोन जोडून देणारी एका कंपनीची तयार सेवा होती, दहा मिनिटांत काम झालं असतं, पण प्रत्येक फोनची नोंद त्या कंपनीकडे राहिली असती. मी धुळ्याला गेलो आणि अक्काला कागदावर आमच्या तीन गावांचे तीन गोल काढून दाखवले, मधे त्या कंपनीचा चौथा. तिने चौथ्या गोलावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. हा कोण?

मी तो कागद फाडला. भाड्याने एक लहानसा सर्व्हर घेतला, त्यावर स्वतःचं व्हीपीएन उभं केलं, म्हणजे माय, अक्का, भावजी आणि मी, एवढ्या चौघांपुरतं खासगी जाळं. त्यातून जे जाईल ते कुलूपबंद जाईल. अक्काने खुणेने विचारलं, "वाटेत कुणी उघडून बघेल?" मी मान हलवली. नाही.

नवा व्हिडिओ आला की फोन वाजावा, यासाठीची सूचना पुन्हा एका परक्या कंपनीमार्फतच जाणार होती. तीही मी बंद ठेवली. माय सकाळ-संध्याकाळ ॲप उघडून बघेल, असं मी ठरवून टाकलं. हे मी कुणालाच विचारलं नाही.

वर्षभर सगळं छान चाललं. फोनच्या वरच्या कडेला किल्लीचं चिन्ह दिसतं तोवर जाळं सुरू आहे, हे मायला शिकवलं होतं. अक्का पुन्हा भांडायला लागली, हसायला लागली. कधी मी ते व्हिडिओ बघायचो. त्या दोघींचं काय चाललंय ते मला अर्धंच कळायचं.

मग मायच्या फोनला अपडेट आलं. फोनने बॅटरी वाचवायला म्हणून ते जाळं परस्पर बंद केलं. किल्ली गेलेली मायच्या लक्षात आली नाही. माय ॲप उघडायची, जुने व्हिडिओ दिसायचे, नवा एकही नाही. तिकडे अक्का रोज पाठवत होती आणि उत्तर येत नव्हतं.

दोघींनी मला विचारलं होतं, हेच खरं अवघड आहे. मायचा फोन आला, "अक्का आठ दिन व्हयनात काही बोलनी नही. माले वाटस ती रागे भरनी." मी एका ऑफिसात टेबलाखाली वायर ओढत होतो. म्हणालो, "लग्नसराई शे ना माय, काम व्हई तिले." दुसऱ्या दिवशी अक्काचा लिहिलेला मेसेज आला, 'आई उत्तर देत नाही. रागावली का?' मी लिहिलं, 'नाही. तब्येत छान आहे.' दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहिली असती तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला ते सुचलं नाही. दिवसभर लोकांची जोडणी का तुटली ते शोधणारा माणूस मी.

जाळं बंद पडल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी माय अंगणात पडली. शेजाऱ्यांनी तिला जळगावला आणलं. उजवी बाजू गेली होती.

अक्का दुपारच्या एसटीने आली. पलंगाशी उभी राहून तिने मायकडे पाहत हात हलवले. मायचा डावा हात चादरीवरून थोडा उठला, बोटं वाकडीतिकडी हलली आणि खाली पडला. तोंडाने ती काहीतरी बोलत होती, तुटकं, पण शब्द होते. "ती कसाले रडी ऱ्हायनी?" असं तिने मला विचारलं. मला ते ऐकू आलं. अक्काला येणार नव्हतं.

मायचा फोन माझ्याजवळ होता. बाहेरच्या बाकावर बसून मी तो उघडला. किल्ली नव्हती. जाळं सुरू केलं तसे अक्काचे व्हिडिओ एकेक करून वर येऊ लागले. आणि मायने केलेले चार, जे फोनमध्येच अडकून होते, ते निघाले.

अक्का शेजारी येऊन बसली आणि फोन माझ्या हातून घेतला. व्हिडिओत माय ओट्याशी उभी होती. पहिल्यात तिने कैरीचं लोणचं घातल्याचं सांगितलं. दुसऱ्यात काही चुकलं का म्हणून विचारलं. तिसऱ्यातलं मला कळलं नाही. चौथ्यात ती नुसती बघत राहिली होती, मग हात कॅमेऱ्याकडे आला आणि चित्र संपलं.

"तिसऱ्यात काय म्हणाली?" मी खुणेने विचारलं.

अक्काने फोन पालथा ठेवला. तिने मला विचारलं, "आमचं बोलणं तुटलंय हे तुला केव्हापासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. मी तीन बोटं दाखवली. तीन दिवस, मायचा फोन आल्यापासून. ती माझ्या बोटांकडे पाहत राहिली, मग उठून आत गेली.

माय आता माझ्याकडेच असते. डाव्या हाताने पाणी, पुरे, दुखतंय एवढं करते. अक्काच्या नावाची खूण दोन्ही हातांनी दोन वेण्या ओढायची. ती होत नाही. अक्का दर रविवारी येते, तिच्यासमोर बसून डाव्या हाताच्या नव्या खुणा शिकवते. मायचं लक्ष लागत नाही, ती थकते, कधी चिडून हात झिडकारते. अक्का थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

संगणक चालूच आहे. परक्या कंपनीची सूचना मी चालू केली, अक्काला तसं सांगितलंही. तिने फक्त मान डोलावली. तिच्याकडून नवा व्हिडिओ आलेला नाही. मलाही ती आता लिहूनच पाठवते, धुळ्याला उतरल्यावर एक शब्द, 'पोहोचले'.