आमच्या झुलत्या खुर्चीची डावी कमान

आधीच सांगतो — भूतबाधा, करणी, अंगात येणं... यातलं मला काहीच पटत नाही. तीस वर्षं चितेगावच्या एका कंपनीत लेथ मशीनवर टर्नर होतो. जे मोजता येतं तेच खरं, एवढाच माझा धर्म. पुढचं वाचून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

रिटायर झाल्यावर सिडकोतल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी सुतारकाम सुरू केलं. त्याला कारण माझे सासरे, आबा. सिल्लोडकडचे नावाजलेले सुतार, बैलगाडीची चाकं करायचे. दुसऱ्याच्या हातचं चाक त्यांना कधी पसंत पडलं नाही. आणि मला आयुष्यभर एकच टोमणा — "पाहुणे, तुमचं समदं मशीन करतंय. हातानं एक खुंटी तरी तासून दाखवा!" ते गेले आणि माझं दाखवायचं राहूनच गेलं. ते मला फार लागलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग सुमनचं, म्हणजे बायकोचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाली बसणं बंद. मी ठरवलं, हिला झुलती खुर्ची करायची — मशीन न लावता, आबांच्याच हत्यारांनी. दसऱ्याला मेव्हणा सोनं द्यायला येतो, त्याच्यासमोर ती मांडायची. सागवानी लाकूड, चार महिन्यांची मेहनत, आणि एकही खिळा नाही! पाठ तिच्या पाठीच्या मापाने कोरली. खुर्चीच्या हातांवरून बोट फिरवा, कुठे अडखळणार नाही. फुशारकी वाटेल, पण खुर्ची देखणी झाली होती.

फक्त एक खोड. झुलवली की डावीकडे सरकायची. दहा झोक्यांत चार बोटं! फरशीला उतार असेल म्हणून उलटी फिरवून ठेवली, तरी ती आपल्या डावीकडेच. खालच्या दोन कमानी, म्हणजे ज्यांच्यावर खुर्ची झुलते ती बाकदार लाकडं, जागोजाग व्हर्नियरने, म्हणजे मिलिमीटरचा अंशही दाखवणाऱ्या मापाने, मोजल्या. दोन्ही अगदी सारख्या.

"आबा मोजत नव्हते, तळवा फिरवायचे," सुमन म्हणाली.

"तळव्यावर काय आकडे असतात?" मी चिडलो.

अशात खंडेनवमी उजाडली. सासुरवाडीचा नियम कडक — नवमीला हत्यारांची पूजा, आणि दसऱ्याला ती उतरवेपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. सकाळी लाकूड तासायचा वाकस, रंधा, पटाशी ओळीने पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मग मी हळूच म्हटलं, "पाच मिनिटांचं काम आहे गं. उद्या तुझा भाऊ येणार..."

"नाय म्हंजी नाय! सरकंना का खुर्ची. आबांनी नवमीला कधी पटाशी उचलली नाय."

शेडला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दोघं कर्णपुऱ्याला देवीच्या दर्शनाला गेलो. दुपारी तीनला परत आलो, शेड उघडलं... डाव्या कमानीखाली ताज्या ढलप्या पडल्या होत्या. सहा-सात, कांद्याच्या सालीसारख्या पातळ. वाकस पाटावरच होता. पात्यावरचं कुंकू जसंच्या तसं, फूलसुद्धा हललेलं नव्हतं.

सुमनला खुर्चीत बसवलं. दहा झोके, वीस, पन्नास... तसूभरही सरकली नाही! पुन्हा व्हर्नियर लावला. डावी कमान मागच्या टोकाशी अर्धा मिलिमीटर कमी. म्हणजे माझ्या हिशोबाने ती आत्ता सरकायला हवी.

"कोण आलं होतं गं?"

"मला काय इचारता? मी तुमच्यासंगंच नव्हते का?" ती हसत होती, पण डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने आपट्याची पानं दिली, खुर्चीत बसला, डोळे मिटून चार झोके घेतले.

"दाजी, एकट्यानं केली?"

या प्रश्नासाठी मी किती वर्षं थांबलो होतो! आणि तोंडातून 'हो' काही निघेना. शेवटी सुमनच बोलली, "व्हय तर. चार महिनं एकट्यानंच घासलीय. मी बघत व्हते की."

लाकूड आक्रसलं म्हणावं, तर ढलप्या कुठून आल्या? कुलूप, किल्ली, पत्रे... सगळं तपासून झालं. उत्तर आजही नाही, आणि भुतांवर विश्वासही आजवर बसलेला नाही. पण समजा — नुसतं समजा — आबाच येऊन गेले असतील... तर ज्या माणसाला उभ्या जन्मात दुसऱ्याचं चाक पसंत पडलं नाही, त्याला माझ्या अख्ख्या खुर्चीत तासून काढण्यासारखा फक्त अर्धा मिलिमीटर सापडला!