डाव्या हाताचा चाकू

धाराशिव स्टेशन येईपर्यंत शेजारच्या प्रवाशाला मी घडीच्या चाकूंबद्दल बरंच काही सांगितलं होतं. कुठलं लॉक भरवशाचं, कुठलं पातं किती झटक्यात उघडतं वगैरे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

चाकू मामांसाठी हवा होता. मामा बेंबळीला राहतात. त्यांच्या बंडीच्या खिशात जन्मभर एक चाकू असायचा. ऊस, दोरी, जांब (आपला पेरू), खताच्या गोणीचं तोंड, सगळ्याला तोच. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. तो चाकू नखाने ओढून उघडायचा, म्हणजे दोन हात हवेत. तो फळीवर गेला. तेव्हापासून मामा बोलतच नाहीत, असं मामी फोनवर म्हणाल्या होत्या. वाचा शाबूत आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. पण मामींनी जांब चिरून पुढे ठेवला की ते तोंड फिरवतात. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी इंटरनेटवर वस्तू शोधत बसतो. पण चाकू काही फोटोत उघडून बघता येत नाही, म्हणून धाराशिवचा बाजार.

हार्डवेअरच्या दुकानात कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले मालक बसले होते. त्यांनी चाकू काढला. मी हात पुढे केला. त्यांनी चाकू काचेवर ठेवला. माझा हात तसाच अधांतरी राहिला.

"हातात देत नसतेत," ते म्हणाले. "भांडण लागतंय. तुमी उचला."

बटणाचा आहे का, असं मी विचारलं.

"न्हाय ठेवत. लई फास्ट उघडतंय, मग पोलीसबी फास्ट येतेत."

मामांचा विचार करून मी सगळे चाकू डाव्या हाताने उघडून पाहिले. पहिल्याला लॉकच नव्हतं. तो माझ्या बोटावर मिटला. मालकांनी शेजारच्या किराणा दुकानातून चिमूटभर हळद मागवली आणि दुसरा चाकू काचेवर ठेवला. हा चुटकीसरशी उघडला, पण त्याच्या लॉकची पट्टी उजव्या अंगठ्यासाठी केलेली. डाव्या हाताने सोडवायला गेलं की बोटं नेमकी पात्याच्या वाटेत. तिसऱ्याचं लॉक पाठीवर होतं. पात्याच्या दोन्ही अंगांना बारीक खुंटी. ती अंगठ्याने ढकलली की पातं म्हशीसारखं सावकाश उठायचं, पण एकदा टक् करून बसलं की हलायचं नाव नाही. मांडीवर टेकवून एका हाताने मिटतही होतं.

"ह्यो स्लो हाय," मालक म्हणाले.

"घाई कुणाला आहे?" म्हणालो आणि तोच घेतला.

बेंबळीच्या एसटीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना काळं रान, कमरेएवढी ज्वारी, मधूनच तुरीचे पट्टे. शेजारचे आजोबा माझ्या पिवळ्या बोटाकडे बघत होते.

"काय झालं?"

"चाकू घेत होतो."

"घेतला का?"

"हो."

"मग बरंय," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

मामींनी आधी जेवायला वाढलं. भाकरी आणि सोलाण्याची (ओल्या हरभऱ्याच्या दाण्यांची) आमटी. जेवण झाल्यावर मी दुकानात शिकल्याप्रमाणे चाकू मामांच्या पुढ्यात, ओसरीच्या फरशीवर ठेवला. मामा बाजेवरून वाकले, अर्ध्यात झोक गेला, सावरले आणि भिंतीकडे बघत बसले. मी लॉक तपासलं होतं, वेग तपासला होता. उचलायचं कसं, ते तपासलं नव्हतं. मला फार लाजल्यासारखं झालं.

तेवढ्यात मामी आल्या. त्यांनी चाकू उचलला, पदराने पुसला आणि सरळ मामांच्या डाव्या हातात दिला.

"मामी, हातात देत नाहीत ना?"

"लागू दे की भांडण," मामी म्हणाल्या. "दिवाळी गेली, संक्रांत आली, ह्यांनी माज्यासंगं एकदाबी भांडण केलं न्हाय. घर खायला उठतंय."

मामांचा अंगठा दोनदा खुंटीवरून घसरला. तिसऱ्यांदा पातं सावकाश उठलं आणि टक् करून बसलं. मामींनी पाटावर जांब ठेवला आणि तो घरंगळू नये म्हणून दोन बोटांनी धरला.

"हात काढ," मामा म्हणाले. शब्द जड होते, पण कळले.

"काढला तर जांब पळंल."

"पळू दे. बोट कापंल तुजं."

"कापू दे."

"तुला काय कळतंय का?"

मी उठून परसात गेलो. उगाच तिथल्या शेळीशी बोललो. आतून आवाज येतच होते.

परतीच्या गाडीत मामींचा फोन आला. मी निघाल्यापासून मामा भांडतायत. आमटीत मीठ कमी, चहा गार, जांब कच्चा. बोलता बोलता त्या थांबल्या, नाक ओढल्याचा आवाज आला. "चाकू चांगलाय," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला विचाराल तर, लॉक पाठीवरचं बघा आणि वेगाच्या फार नादी लागू नका. आणि चाकू आपल्या माणसाला द्यायचा असेल, तर खाली ठेवू नका.