आता वरच भेटू

ताई उंब्रजला एका दवाखान्यात नर्स होती आणि मी सांगलीत शिक्षक. आई वारली ती ताईच्या घरी, आणि मला निरोप उशिरा मिळाला. तो राग मी चार वर्षं धरून बसलो.

ताई मात्र दर रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर फोन करायची. तिचं म्हणणं साधं होतं. स्वर्गात सगळ्यांना एकत्रच राहायचंय, तर गोडीनं राहायची सवय इथंच लावून घ्यावी. एकदा ती म्हणाली, "एक दिवस ये रे. भाकरी खाऊन जा."

मी तुटकपणे म्हणालो, "आता वरच भेटू."

ती म्हणाली, "तिथं भेटूच. पण इथं पण ये."

मी गेलो नाही. त्याच पावसाळ्यात ती झोपेतच प्रभुघरी गेली आणि मी उंब्रजला पोचलो तो तिच्या दफनाला. पाळकांनी पुनर्भेटीची आशा सांगितली, तशी माणसं डोळे पुसून शांत झाली. शेजारच्या बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "आमी भिंतीवरनं भांडलो व्हतो. लय दिवस बोलत न्हवतो. मग ताईच माझ्या दारात आल्या, म्हणल्या, चहा टाक."

ताई भेटेल यावर माझा विश्वास आहे. तिथं राग उरत नाही, असंही ऐकत आलोय. पण मला माफी मागायची होती ती तिच्या स्वयंपाकघरात बसून, आणि तेवढ्यासाठी सकाळची एसटी पुरली असती.