मधल्या चित्रातला विजय

पंचांनी एकतीस वर्षं धावण्याच्या शर्यतींत शेवटच्या रेषेवर उभं राहून निकाल दिले. कोणाची छाती रेषेला आधी लागली, एवढंच पाहायचं काम. पण ते असं हाडीमासी खिळलं, की घरी दूध आधी उतू गेलं की बेल आधी वाजली, याचाही ते निकाल देत.

निवृत्तीनंतर मुलीने आपला जुना कॉम्प्युटर दिला. रोज दुपारी नवरा-बायको मोटारींची शर्यत खेळू लागले. स्क्रीनचा वरचा अर्धा भाग बाईंचा, खालचा पंचांचा. पण कॉम्प्युटरचा जीव तो केवढा! पूर्ण रिझोल्यूशनवर गाड्या उचकी लागल्यासारख्या चालत.

दुरुस्तीवाला आला. "काका, दोन उपाय आहेत. अपस्केलिंग म्हणजे चित्र लहान काढायचं, मोठं करून दाखवायचं आणि बारकावे अंदाजाने भरायचे. फ्रेम जनरेशन म्हणजे दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कॉम्प्युटर एक मनाचं घालतो. गाडी तेल घातल्यासारखी पळेल. ब्रेक तेवढा जरा उशिरा लागल्यासारखा वाटेल."

"म्हणजे सगळं अंदाजपंचे!" पंच म्हणाले.

"चालू करा हो दोन्ही," बाई म्हणाल्या. "मला त्या उचक्यांनी गरगरतं."

त्याच आठवड्यात बाई पहिल्यांदा जिंकल्या. पंचांनी रेकॉर्डिंग एकेक चित्र सरकवत तपासलं.

"अगं, या खऱ्या चित्रात दोघंही रेषेच्या अलीकडे. पुढच्या खऱ्यात दोघंही पलीकडे. तू एकटी रेषेपलीकडे आहेस ती फक्त मधल्यात, आणि ते घडलेलंच नाही. शिवाय तुझ्या गाडीवरचा आठ इथे तीनसारखा दिसतोय. ओळख पटत नाही. निकाल रद्द."

बाईंनी अपील केलं. ऐकणारे तेच. कोट चढवून ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी अपील फेटाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल रिकामं.

"चहा?" पंचांनी विचारलं.

"दिलाय की. मधल्या चित्रात आहे, घ्या."

जेवणही तिथेच वाढलेलं होतं. तिसऱ्या दिवशी पंचांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. "दोन्ही बंद कर. पण उचकी नको."

"मग काका, चित्रच लहान करावं लागेल."

झालं. भल्यामोठ्या काळ्या स्क्रीनच्या मधोमध पोस्टकार्डाएवढी शर्यत, प्रत्येकाच्या वाट्याला काडेपेटीएवढा रस्ता. दोघं डोक्याला डोकं लावून बसले. पंचांनी डाव्या हातात भिंग धरलं.

"भिंगानेही मोठंच होतं की!" बाई म्हणाल्या.

"भिंग पदरचं काही घालत नाही."

एका हाताने चालवलेली पंचांची गाडी पहिल्याच वळणावर कठड्यात घुसली. बाई आरामात रेषा ओलांडून गेल्या. पंच ताठ उभे राहिले, त्यांनी खणखणीत आवाजात समोरच्या भिंतीला निकाल ऐकवला, आणि खाली बसत म्हणाले, "अगं, भिंग तू धर जरा. हात अवघडलाय माझा."