मच्छिंद्रनं कधीच घेतली नाही

मच्छिंद्र गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या दुकानासमोर कपाशीच्या बियाण्याची गाडी उतरत होती. फोन बाळासाहेबांचा. शेवगावातल्या आम्हा खत-बियाणं विक्रेत्यांमध्ये ते थोरले, त्यामुळे बरी-वाईट बातमी आधी त्यांच्याकडे पोहोचते आणि तिथून सगळीकडे. "गेला रं मच्छू," ते म्हणाले. मग जरा थांबून, "शेवटी लिव्हरनं नेलाच. सोडली हुती खरी त्यानं, पर उशीर झाला." मी "हो ना" म्हणालो आणि फोन ठेवला. हमाल खोकी कुठे लावायची विचारत होते. मच्छिंद्रनं दारू सोडली नव्हती, कारण त्यानं ती कधी घेतलीच नव्हती. त्याच्या घराबाहेर हे खात्रीनं सांगू शकेल असा माणूस मी एकटा होतो. आणि त्यानं सोडली ही गोष्ट गावात जन्माला घातली तीही मीच. तरी माझ्या तोंडून "हो ना" निघून गेलं...

आमची दोघांची दुकानं एका भिंतीची. वीसेक वर्षं आम्ही त्या भिंतीच्या दोन बाजूंना बसलो. माझ्याकडे एखादं औषध संपलं की मी गिऱ्हाइकाला खुणेनं शेजारी पाठवायचो, त्याच्याकडे संपलं की तो स्वतः उठून गिऱ्हाइकाला माझ्या काउंटरपर्यंत आणून सोडायचा आणि वर, "याला नीट समजावून सांग, मागच्या फवारणीला यानं तणनाशक मारलंय कपाशीवर," असं त्या माणसासमोरच म्हणायचा. तो माणूसही हसायचा. मच्छिंद्रचं कुणाला लागत नसे. बोलताना त्याचे खांदे आधी हलायचे आणि हसू मागून यायचं.

आमच्या धंद्यात 'बसणं' असतं. शटर ओढता ओढता कुणीतरी विचारतो, "बसायचं का?" आणि कुठे, कशाला हे विचारावं लागत नाही. पाथर्डी रस्त्याला आमचा एक ठरलेला ढाबा आहे. पावसानं ओढ दिली, कंपनीनं माल अडवला, कुणाचा पोरगा पास झाला, सगळ्याला बसणं हेच उत्तर. घरी जे बोलता येत नाही ते आम्ही तिथे बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी बोललोच नव्हतो असं वागतो. मच्छिंद्र या प्रत्येक बैठकीला यायचा आणि घ्यायचा नाही. गळ्यात माळ असती तर कुणी काही म्हटलं नसतं. आमच्याकडे माळकऱ्याला आग्रह करत नाहीत, उलट त्याच्यासमोर ग्लास जरा बाजूला सरकवतात. पण मच्छिंद्र मटण चापून खायचा, नळी ताटावर आपटून आपटून खायचा, आणि दारू नको म्हणायचा. हे कुणाच्या पचनी पडेना.

"आरं, माळ न्हाई, उपास न्हाई, बायको मारत न्हाई, मग घेत का न्हाईस तू?" बाळासाहेब विचारायचे.

"नको असते मला."

"पण का?"

"तुम्हाला दोडका का नको असतो?"

"दोडक्याला काय नशा हाय व्हय?"

"मग मी दोडका मागवू का तुमच्यासाठी?"

सगळे हसायचे, विषय सुटायचा, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच. आता वाटतं, त्याच्याजवळ एखादं मोठं कारण असतं तर आमचं समाधान झालं असतं. बापानं घरदार बुडवलं, आईला वचन दिलं, असं काही. त्याचे वडील अधूनमधून घ्यायचे आणि शहाण्यासारखे झोपायचे. त्याच्या नकारामागे काहीच नव्हतं, आणि कारण नसलेला नकार आमच्या टेबलावर बसलेल्यांना टोचायचा. मलाही. तो समोर लिंबू पिळत बसला की मला उगाच आपल्या ग्लासाकडे बघावंसं वाटायचं. तो मात्र आमच्याकडे कधी तसा बघत नसे. हे मी तेव्हा धड पाहिलं नाही.

एका हंगामात विक्री चांगली झाली म्हणून कंपनीनं आम्हा विक्रेत्यांना भंडारदऱ्याला नेलं. धरणाच्या काठावरचं हॉटेल, हिरवळीवर टेबलं, कंपनीचा नवा साहेब प्रत्येकाच्या हातात स्वतः ग्लास देत फिरत होता. मच्छिंद्रनं हात जोडले. साहेबाचा चेहरा पडला. मग बाळासाहेब उठले. "साहेबाचा मान हाय मच्छू, एक घोट घे. माझी शपथ हाय तुला." मच्छिंद्र हसून नको म्हणत राहिला. दोघा-तिघांनी त्याचे खांदे धरले, बाळासाहेबांनी एका हातानं त्याची हनुवटी वर केली. चेष्टाच होती, पण चेष्टा कुठवर जाईल याचा भरवसा वाटेना. मच्छिंद्रचं हसू थांबलेलं मला दिसलं. तेव्हा मी ओरडलो, "अहो सोडा त्याला! गोळ्या चालू आहेत त्याच्या. लिव्हरचा त्रास आहे."

एका क्षणात सगळे हात निघाले. कुणी त्याचा शर्ट नीट केला, कुणी खुर्ची पुढे ओढली. बाळासाहेब तर कळवळलेच. "आरं मग आधी सांगायचं न्हाई का येड्या?" साहेबानं त्याच्यासाठी नारळपाणी मागवलं. त्या संध्याकाळी मच्छिंद्रची जितकी सरबराई झाली तितकी आधी कधी झाली नव्हती. नंतर आम्ही दोघं पाण्याच्या कडेला गेलो. तो म्हणाला, "कशाला सांगितलंस रे?"

"सुटलास की नाही?"

"सुटलो खरा," तो म्हणाला. मी स्वतःवर खूश होतो.

खोटं बोलल्यावर ते तिथेच राहील असं मला वाटलं होतं. पण लिव्हरचा त्रास म्हटल्यावर माणसं पुढचं आपोआप जोडतात. पुढच्या हंगामापर्यंत मच्छिंद्र 'पूर्वी, आपल्यात बसायच्या आधी, लई प्यायचा' असं झालं होतं. नव्यानं येणाऱ्या कंपनीच्या पोरांना त्याची ओळखच तशी करून दिली जायची, "हे आमचे मच्छिंद्रशेठ, एका झटक्यात सोडली बरं का, मानलं पाहिजे." कधीच न पिणाऱ्या मच्छिंद्रला या माणसांनी वर्षानुवर्षं टोमणे मारले होते, सोडणाऱ्या मच्छिंद्रसाठी तीच माणसं उठून जागा द्यायला लागली. मला वाटायचं, चांगलंच झालं की. एकदा बोधेगावकडची एक बाई नवऱ्याला घेऊन त्याच्या दुकानात आली. "दादा, तुमी कशी सोडली तेवढं ह्यांना सांगा," म्हणाली. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. मच्छिंद्रनं त्या माणसाला आत बसवलं, चहा मागवला, आणि बराच वेळ कपाशी, बैल, पोरांची शाळा असं काहीबाही बोलत राहिला. ते गेल्यावर मी विचारलं, "खरं का नाही सांगितलंस तिला?" तो म्हणाला, "मी कधी घेतलीच नाही म्हटलं असतं, तर ती बिचारी उठून दुसऱ्या कुणाकडे गेली असती." त्याचे खांदे हलले, पण हसू मागून आलं नाही.

मग खरंच त्याचं लिव्हर गेलं. त्याला साखर होती, आणि ती त्यानं कधी मनावर घेतली नव्हती. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती वर्षं घेत होते?" सुनंदा वहिनी म्हणाल्या, "कधीच नाही." डॉक्टर मान हलवून लिहीत राहिले. पुढे तपासण्या झाल्यावर त्यांनीच समजावून सांगितलं की दारू न पिताही असं होतं, साखरेनं, चरबीनं. पण ते त्या खोलीत सांगितलं गेलं, आणि गावात दुसरंच पोहोचलेलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण बाहेर व्हरांड्यात मला हळूच म्हणायचा, "जुनं बाहेर निघालं म्हणायचं." आत मच्छिंद्र पिवळा पडून झोपलेला आणि बाहेर मी गप्प.

त्याच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं होतं. लोक मागे सरून उभे होते आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन शब्द देत होता. भाऊ म्हणाला, दुकान बंद पडू देणार नाही. मेव्हणा म्हणाला, प्राजक्ताचं शिक्षण पुरं करू. प्राजक्ता त्याची एकुलती एक मुलगी, संभाजीनगरला फार्मसी शिकते. कावळे झाडावर बसलेले, एकही खाली येईना. कुणीतरी मला म्हणालं, "तू बोल, तुझा जिवलग होता. तुझं काही राहिलंय का?" माझं जे राहिलं होतं ते मला लख्ख ठाऊक होतं. मी पुढे झालो, हात जोडले आणि म्हणालो, "दुकानाकडे मी लक्ष ठेवीन, मच्छू." कावळा आला नाही.

तेवढ्यात बाळासाहेबांनी एकाला गाडीवर पिटाळलं. ज्याला जे आवडायचं ते पिंडाजवळ ठेवतात, कुणाला तंबाखू, कुणाला भजी. तो पोरगा परत आला, त्याच्या शर्टाखाली क्वार्टर होती. बाळासाहेबांनी ती द्रोणात ओतली आणि पिंडाशेजारी नेऊन ठेवली. त्यांचे डोळे भरलेले होते. म्हणाले, "घे बाबा. लई दिस मन मारलंस." मी चार पावलांवर उभा होतो. हात धरता आला असता. एक शब्द बोलता आला असता. बायकांच्या घोळक्यातून सुनंदा वहिनी थेट माझ्याकडे बघत होत्या, आणि मी खाली बघितलं. मग पंख वाजले. कावळा आला, पिंडावर चोच मारून उडून गेला. लोकांमध्ये सुटकेचा आवाज झाला. कुणीतरी म्हणालं, "बघा! म्हटलं न्हवतं?"

कावळे भुकेले असतात, त्यांना यायचं तेव्हा ते येतात, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्यानं काही होत नाही. त्यानंतर मी बसायला गेलो नाही. शेवटी एक दिवस बाळासाहेबांच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे कधीच न्हाई?" "कधीच नाही." "आन् मी त्याच्या पिंडाला..." मग चिडून म्हणाले, "आरं पर मग तो घेत का नव्हता?" मी म्हणालो, नको असायची त्याला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून काहीतरी लपवतो आहे.

परवा मच्छिंद्रच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ. पुढच्या खोलीत अजून त्याच्या दुकानाचा वास आहे, खताचा आणि कीटकनाशकाचा. घरी आला की तो शर्ट तिथेच खुंटीला टांगायचा, तो वास भिंतीत मुरला आहे. सुनंदा वहिनींपुढे मी बोलायला लागलो तर त्यांनी मध्येच थांबवलं. "मला माहीत आहे, भाऊजी. भंडारदऱ्याहून आले त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"ते म्हणाले, मला त्यांच्या हातून सोडवायचं म्हणून तो तसं बोलला, आता त्याला खोटं पाडायचं नाही." वहिनींच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, निदान दहाव्याला तुम्ही बोलाल."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून प्राजक्ताचा आवाज आला. ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. "म्हणजे बाबा खरंच कधीच घेत नव्हते?"

वहिनींनी चमकून मागे बघितलं. "तुला माहीत नव्हतं?"

"सगळेच म्हणायचे ना. मला वाटलं, मी लहान असताना घेत असतील, तुम्ही मला सांगितलं नसेल." ती थांबली. "आणि त्या दिवशी कावळा आला, तेव्हा मला ते पक्कंच वाटलं."

पोरीच्या मनात तिचा बाप मी बदलला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माफी मागण्यात अर्थ नव्हता. मी तिला समोर बसायला सांगितलं आणि जे मी डोळ्यांनी पाहिलं होतं ते सांगायला लागलो. तो ढाब्यावर कुठे बसायचा. आमचं फार व्हायच्या आत भाकरी कशी मागवून ठेवायचा. बाळासाहेबांची तीच तीच गोष्ट दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी कशी ऐकायचा. कुणी रडायला लागलं तर त्याच्या ताटातलं हाड काढून देता देता पाठीवर हात कसा ठेवायचा, आणि सकाळी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मध्ये वहिनींनी दिवा लावला. प्राजक्ता गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती. एकदा हसलीसुद्धा.

मग तिनं विचारलं, "घ्यायची नव्हती, तर ते तिथे यायचे कशाला?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणी त्याला कधीच विचारला नव्हता. मी त्या खुंटीकडे बघितलं. खुंटीला काही टांगलेलं नव्हतं.

"आम्ही सगळे तिथे असायचो ना, म्हणून," मी म्हणालो.