ओतिलियाच्या फोटोचा खिळा

ओतिलिया बारियेन्तोसकडे केस रंगवायला जाणाऱ्या बायकांना एक नियम पाठ असतो. भोंगा वाजला, की डोकं असेल तशा अवस्थेत बसून राहायचं. बाई कात्री खाली ठेवते, दारामागचं हेल्मेट उचलते आणि सुटते. अर्ध्याच कापलेल्या केसांनी तासभर ताटकळलेल्या बाईला आमच्या टेकडीवर कुणी हसत नाही. आग कुठं लागली होती, एवढंच विचारतात.

मी बंब चालवतो आणि पोटासाठी मासळी विकतो. आमच्या चिलीत, इथं वालपाराइसोत, आग विझवायचा पगार कुणालाच नसतो. एकतीस वर्षं पाइपाचं तोंड धरून सगळ्यांत पुढं ओतिलियाच. आमचा कप्तान रेन्सो कानेपा, त्यालाही पाइप धरायला तिनंच शिकवलं. तिला साठ वर्षं पूर्ण झाली आणि त्याच रेन्सोनं तिला सन्मानाच्या यादीत टाकायचं काढलं. सन्मान म्हणजे भिंतीवर फोटो, जेवणात पहिली खुर्ची आणि आगीपासून लांब. खिळासुद्धा ठोकून झाला होता. माझं तर डोकंच फिरलं.

"बाई, काळजी वाटते हो तुमची," रेन्सो म्हणाला.

"काळजी पाइपाची कर. मागच्या आगीत पीळ कुणी पाडला होता?"

शेवटी ठरलं, की महिनाभर ती प्रत्येक आगीला आली आणि आग विझल्यावर हजेरीला उभी राहिली, तर रेन्सो गप्प बसणार. एक हजेरी चुकली, की फोटो.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी भोंगा वाजला. खुर्चीत नोल्फा होती, डोकंभर लाल रंग. ओतिलिया धावली, नोल्फा नियमाप्रमाणे बसून राहिली.

बंब पायऱ्यांपाशी थांबतो. पुढं एकशे चाळीस पायऱ्या, पाइप खांद्यावर. तरणी पोरं धापा टाकायला लागली.

"श्वास घरी विसरलात काय रे?" म्हणत ओतिलिया त्यांना मागं टाकून गेली. गुडघ्यांवर सरकत ती धुरात शिरली, मागं पाइप सांभाळत रेन्सो. अर्ध्या तासात आग विझली. स्वयंपाकघर जळालं, दोन खोल्या वाचल्या. बाहेर येताना तिला खुंटीवर ओळखीचा कोट दिसला आणि ती थबकली.

"अगं बाई, हे तर नोल्फाचं घर!"

ती पायऱ्या उतरायला लागली. मी ओरडलो, "बाई, हजेरी!"

"तिला हे माझ्याच तोंडून कळायला हवं," ती म्हणाली आणि गेली. मला रडू यायचंच बाकी होतं.

पाइप धुऊन गुंडाळून झाल्यावर आम्ही रांगेत उभे राहिलो. सर्वांत जुनं नाव पहिलं.

"ओतिलिया बारियेन्तोस!" रेन्सोनं पुन्हा हाक मारली. त्याला आवडत नव्हतं ते, दिसत होतं.

पायऱ्यांवर जमलेल्या बायकांना ती पैज ठाऊक होती. तिची हजेरी वाचवायला त्या एका सुरात ओरडल्या, "हजर!"

आमच्या अंगावर काटा आला. आमच्यातलं कुणी गेलं, की स्मशानात त्याचं नाव पुकारतात आणि बाकी सगळे "हजर" म्हणतात. जिवंत माणसाच्या नावाला दुसरा कुणी ओ देत नाही. रेन्सोचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण मेलंय रे?"

खालून ओतिलिया विचारत येत होती. हात मनगटापर्यंत रंगानं लाल, सोबत ओल्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, रडणारी नोल्फा.

"मला अजून पुरलेलं नाही! माझ्या नावाला मीच ओ देणार. मार हाक पुन्हा."

रेन्सोनं हाक मारली.

"हजर!" ती गरजली.

त्यानं तिच्या नावापुढं खूण केली आणि बाहीनं डोळे पुसले. धुरामुळे, म्हणाला.

रविवारी त्यानं तो खिळा स्वतःच्या हातानं उपटला. भोक बुजवायला मी पुट्टी घेऊन गेलो, तर ओतिलियानं मला हटकलं.

"असू दे ते. कधीतरी लागेलच की."